उघड्या छताची गाडी

नमस्कार मंडळी.

आज मला तुमच्याशी एका गाडीबद्दल बोलायचंय. फौजेची गाडी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढे रणगाडा येतो, आणि येणारच, नगरला अख्खं टँक म्युझियम आहे, कितीतरी गावांत चौकात एखादा जुना टँक उभा असतो, पोरं वर चढतात, फोटो काढतात. पण मी बोलतोय ती गाडी टँक नाही. तिला ट्रॅक आहेत, चिलखत आहे, बंदूक आहे, पण वर फिरता बुरूज नाही आणि छत तर नाहीच, नुसता उघडा डबा, आणि बुटकी इतकी की माणूस शेजारी उभा राहिला तर काठ त्याच्या खांद्याच्या आसपास येतो. ब्रेन कॅरियर. कागदोपत्री नाव युनिव्हर्सल कॅरियर, पण सैनिकांच्या तोंडी ब्रेन कॅरियरच बसलं. हे ब्रेन म्हणजे मेंदू नाही बरं का, ते एका मशीनगनचं नाव. झेकोस्लोव्हाकियातल्या ब्र्नो गावची मूळ बंदूक आणि इंग्लंडातल्या एन्फिल्डला तिचा कारखाना, म्हणून ब्र आणि एन मिळून ब्रेन.

मी फौजेत वर्कशॉपला होतो, ट्रॅकच्या गाड्यांवर बरीच वर्षं काढली. एका पोस्टिंगला आमच्या गेटजवळ ही एक गाडी शोभेला ठेवलेली होती, २६ जानेवारी जवळ आली की तिला नवीन हिरवा रंग बसायचा, आणि एका वर्षी त्या रंगकामावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं. दुपारी पोरं जेवायला गेल्यावर मी काठावरून पाय टाकून आत उतरलो आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. सीट उजव्या बाजूला. गुडघे वर येतात, समोर लोखंडी पत्रा आणि त्यात बघायला एक फट. डाव्या बाजूला बंदूकवाल्याची जागा, ती जरा पुढे काढलेली. मी त्या पत्र्याच्या कडेवर बोट ठेवलं. करंगळीएवढीही जाडी नाही हो. जास्तीत जास्त १० मिलिमीटर आणि कडेला ७. मग मान वर केली तर वर कडुनिंबाची फांदी आणि आभाळ. तिथे बसल्यावर जे वाटलं ते अजून जात नाही, म्हणून हे सगळं बोलतोय.

आता ही गाडी आली कुठून ते सांगतो. पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्लंडात काही लोकांच्या डोक्यात एकच विचार घोळत होता, की सैनिकाला मशीनगनसमोर छाती उघडी ठेवून पळायला लावायचं नाही, त्याला छोटीशी चिलखती गाडी द्यायची. मार्टेल नावाच्या एका अधिकाऱ्याने तर १९२५ साली आपल्या घरच्या गॅरेजमध्ये एका माणसापुरती अशी गाडी जोडली होती. त्याच सुमारास जॉन कार्डेन आणि व्हिव्हियन लॉइड ही जोडी पुढे आली, त्यांनी एकामागून एक अशा छोट्या गाड्या काढल्या, टँकेट म्हणायचे त्यांना, आणि पुढे व्हिकर्स कंपनीने त्यांचा सगळा कारभारच विकत घेतला. ते टँकेट जगभर गेलं. पोलंडने त्यावरून आपली गाडी बनवली, रशियाने बनवली, इटलीने बनवली. कार्डेन १९३५ च्या डिसेंबरमध्ये विमान अपघातात गेला, त्यामुळे ब्रेन कॅरियर त्याने पाहिलंच नाही, पण घराणं त्याचंच. ते इटलीचं लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

व्हिकर्सने १९३० च्या दशकाच्या मध्यात जो नमुना केला तो दोन कामांसाठी धरून केला होता, एक मशीनगन आणि तिची माणसं वाहून न्यायची आणि दुसरं हलकी तोफ ओढायची. फौजेने त्यातून आधी मशीनगनवाली गाडी घेतली, मग १९३८ च्या सुमारास ब्रेनवाली, मग टेहळणीची वेगळी, घोडदळाची वेगळी, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हे सगळे पत्र्याचे थोडे थोडे फरक आहेत, खाली गाडी तीच आहे. म्हणून १९४० मध्ये सगळ्यांची मिळून एकच केली, युनिव्हर्सल. मेकॅनिक म्हणून सांगतो, हा निर्णय कुठल्याही नवीन इंजिनापेक्षा मोठा. चार प्रकारच्या गाड्या असल्या की चार प्रकारचे सुटे भाग लागतात आणि वाळवंटात नेमका नको तो भाग तुमच्या पेटीत असतो.

इंजिन फोर्डचं, व्ही-एट, ८५ हॉर्सपॉवरचं. साधं पेट्रोल इंजिन, त्या काळच्या फोर्ड मोटारीत असायचं त्याच जातीचं. ते ठेवलंय कुठे, तर मागच्या भागात मधोमध, एखादी मोठी पेटी ठेवावी तसं, आणि त्या पेटीच्या दोन्ही बाजूंना माणसं बसायची, म्हणजे आफ्रिकेत एका बाजूने ऊन आणि एका बाजूने इंजिन. इटलीतल्या हिवाळ्यात मात्र तीच पेटी शेगडीच्या कामाची. वजन पावणेचार टनांच्या आसपास, लांबी साडेतीन मीटरच्या थोडी वर, रस्त्यावर ताशी ४८ किलोमीटरपर्यंत पळायची. ट्रॅकच्या गाडीला हा वेग काय असतो ते ज्याने चालवलीये त्याला विचारा, कानात नुसता खडखडाट.

आणि आता मला जे सांगायचंय ते ऐका, कारण या गाडीतली खरी डोकॅलिटी इथे आहे. ट्रॅकची गाडी वळवायची कशी? तुमच्यापैकी ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांना पटकन कळेल, सरी संपली की बांधाजवळ आपण काय करतो, डाव्या नाहीतर उजव्या बाजूचा एकच ब्रेक दाबतो, ते चाक थांबतं, दुसरं फिरत राहतं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. बऱ्याचशा ट्रॅकवाल्या गाड्या थोड्याफार याच तत्त्वावर वळतात, एक ट्रॅक हळू करायचा. पण त्यात काय होतं, प्रत्येक छोट्या वळणाला झटका बसतो, वेग जातो, ब्रेक तापतो. कॅरियरला मोटारीसारखं गोल स्टिअरिंग आहे, आणि ते थोडंसंच फिरवलं तर ब्रेक लागतच नाही. एक आडवा दांडा पुढच्या चाकांच्या जोडीला, म्हणजे बोगीला, बाजूला सरकवतो आणि बोगीबरोबर अख्खा ट्रॅक धनुष्यासारखा बाकदार होतो! गाडी त्या बाकावरून सरळ वळत जाते, वेग तसाच. स्टिअरिंग आणखी फिरवलं की मग त्या बाजूचा ब्रेक धरतो आणि गाडी गर्रकन फिरते. लोखंडाचा ट्रॅक वाकवून वळायचं हे कुणाला सुचलं असेल. मी खाली वाकून तो दांडा बघितला, रंगाचे इतके थर चढले होते की हलायची सोय नव्हती, पण सांधा कसा बसवलाय ते दिसत होतं आणि मी तिथे बराच वेळ उकिडवा बसून राहिलो.

याचा दुसरा फायदा असा की ट्रक चालवता येणाऱ्या माणसाला ही गाडी लवकर हाताला यायची. आपल्या फौजेत तेव्हा खेड्यातली हजारो पोरं अशी होती ज्यांनी भरतीआधी बैलगाडीशिवाय काही हाकलं नव्हतं. ती आधी ट्रक शिकली आणि मग ट्रकसारख्याच गोल स्टिअरिंगवर कॅरियर.

गाड्या किती बनल्या म्हणाल तर सगळे देश मिळून सुमारे १ लाख १३ हजार. चिलखती लढाऊ गाड्यांत इतकी बनलेली दुसरी गाडी नाही. इंग्लंडात बनली, कॅनडात फोर्डच्या कारखान्यात बनली, ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये. आपल्याकडे ट्रॅकवाली नाही पण तिचं काम करणारी चाकांची गाडी बनली, कॅनडाहून फोर्डची चासी यायची आणि तिच्यावर जमशेदपूरच्या टाटांच्या पोलादाचं चिलखत चढायचं, अशा साडेचार हजारांच्या वर गाड्या इथून आफ्रिकेत आणि इतर आघाड्यांवर गेल्या. लोखंड आपलं, माणसं आपली.

पायदळाच्या एका पलटणीत एक कॅरियर प्लाटून असायची, आधी दहा गाड्यांची आणि पुढे तेरांची. म्हणजे आठशे माणसांच्या पलटणीला तेरा गाड्या, त्यावरून कामाची कल्पना करा. पुढे जाऊन रस्ता बघ, मशीनगन टेकडीच्या कडेला नेऊन सोड, दारूगोळा पोचव, पाणी पोचव, वायरलेस ने, येताना जखमी घेऊन ये. ही गाडी मुळात लढायला नव्हती, लढणाऱ्याला आणि त्याच्या सामानाला गोळ्यांच्या पावसातून शेवटच्या हजार पावलांपर्यंत न्यायला होती. पण लढाईत ठरवलेलं कुठे राहतं, गाडीवर बंदूक आहे म्हटल्यावर वेळप्रसंगी तिला टँकसारखं पुढे ढकललंच, आणि त्याची किंमत आतल्या माणसांनी मोजली.

तोफ ओढायची गोष्टही अशीच. नमुना करताना हलकी तोफ ओढायचं डोक्यात होतं, पण पहिली काही वर्षं फौजेने कॅरियरला ओढकाम लावायचं टाळलं, इंजिन क्लच लवकर जाईल म्हणून. मग शत्रूचे टँक जाड होत गेले, जुनी दोन पौंडी रणगाडाविरोधी तोफ (हे पौंड तिच्या गोळ्याच्या वजनाचे) पुरेना, सहा पौंडी आली, ५७ मिलिमीटरची, वजन टनाच्या वर. ही काही चार माणसांनी ढकलत न्यायची वस्तू नाही, आणि उघड्या ट्रकने मोर्चापर्यंत नेली तर ट्रकच चाळणी होतो. मग १९४३ पासून कॅरियरला मागे हूक बसायला लागला. त्याच्याही आधी त्या लॉइडने, कार्डेनचा जो जोडीदार, त्याने १९३९ मध्ये खास ओढण्यासाठी आपली वेगळी गाडी काढली होती, लॉइड कॅरियर. साध्या पत्र्याची बॉडी, त्यावर पाहिजे तर चिलखताचे पत्रे बोल्टने लावा, आत तोफेची माणसं बसवा, गोळे ठेवा, मागे तोफ अडकवा आणि चला. अशा २६ हजारांच्या आसपास बनल्या. कॅनडाने कॅरियर जवळजवळ ७६ सेंटिमीटरने लांब करून तिला विंडसर नाव दिलं, तेही तोफेसाठीच.

मला या ओढकामाबद्दल फार आदर आहे, कारण त्यात काय होतं ते बाहेरच्याला दिसत नाही. चढावर मागे टनभर तोफ, खाली चिखल, ट्रॅकच्या पिना झिजलेल्या, आणि एक पीन तुटली की ट्रॅक सापासारखा जमिनीवर पसरतो. मग घण, सळई आणि नवी पीन घेऊन उघड्यावर चिखलात बसायचं. मी हे शांततेत, शेडमध्ये, चहा पिऊन केलंय आणि तरी बोटं सुजायची. ती माणसं गोळे पडत असताना करत होती.

आता छताचं. छत का नाही, तर माणसाला पटकन चढता उतरता यावं, गाडी हलकी राहावी, चारी बाजूंना नजर फिरावी म्हणून. कारणं सगळी बरोबर आहेत. पण वरून फुटणाऱ्या गोळ्याला, झाडावर बसलेल्या नेमबाजाला, भिंतीपलीकडून टाकलेल्या हातबॉम्बला ती बरोबर कारणं दिसत नाहीत. खालून सुरुंगाची भीती वेगळी, म्हणून ड्रायव्हर लोक तळाला वाळूच्या गोण्या अंथरायचे.

२४ मार्च १९४५ ला, जर्मनीत ऱ्हाइनच्या पूर्वेला, एका कॅरियरवर थेट गोळा बसला. गाडी धडाडून पेटली, आतले मॉर्टरचे गोळे फुटायला लागले, तिथल्या अनुभवी अधिकाऱ्याने सगळ्यांना बजावलं की कुणी जवळ जायचं नाही. कॅनडाच्या पॅराशूट पलटणीतला फ्रेडरिक टॉपहॅम नावाचा वैद्यकीय मदतनीस, त्याच दिवशी आधी नाकाला गोळी लागलेली, तो एकटा गेला आणि आतल्या तिघांना काढून उघड्या मैदानातून घेऊन आला. एक लगेच गेला, दोघं वाचले. टॉपहॅमला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक.

आपली माणसं कुठे होती? सगळीकडे. आपली दुसरी पाचवी मराठा पलटण, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी बटालियन, १९४२ च्या जूनमध्ये उत्तर आफ्रिकेत टोब्रुकला होती, जर्मन सेनापती रोमेलचा घाला पडला तो नेमका त्यांच्याच बाजूने. पुढे इटलीत मराठे नद्यामागून नद्या ओलांडत गेले. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवरच्या हल्ल्यात कॅरियरला आग फेकणारी नळी लावून केलेल्या गाड्या, वास्प म्हणजे गांधीलमाशी असं नाव होतं त्यांचं, त्या पण होत्या. पण नदीला दोन्ही काठांनी उंच बांध, आणि पलीकडच्या बांधावर गाडी जात नाही, तिथे माणूसच जातो. नगर जिल्ह्यातल्या निमजचा नामदेव जाधव, पहिल्या पाचव्या मराठाचा शिपाई, कंपनीचा निरोप्या, त्याने दोन जखमींना एकामागून एक पाठीवर घेऊन पाण्यातून आणि सुरुंगाच्या पट्ट्यातून परत आणलं, मग एकट्याने पुढे जाऊन मशीनगनचे मोर्चे बंद पाडले आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची आरोळी ठोकत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस. निमज संगमनेरच्या बाजूला आहे, आपल्यातले कितीतरी लोक तिकडून जातात येतात.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं काढलं. १९४१ चं साल, जानेवारीचा शेवट. सुदानची हद्द आणि पलीकडे इथिओपिया, तेव्हा इटलीच्या ताब्यात. मगाशी म्हटलं ना इटलीचं लक्षात ठेवा, इटलीने १९३५ मध्ये इथिओपियावर जो हल्ला केला त्यात त्यांनी कार्डेनच्या नमुन्यावरून केलेली छोटी टँकेट घातली होती, आणि आता आपली भारतीय फौज त्याच मुलखात इटालियनांच्या मागे लागली होती ती ब्रेन कॅरियर घेऊन. एकाच घराण्याच्या दोन गाड्या, दोन बाजूंना.

सीमेवरचं मेटेम्मा सोडून इटालियन गोंदारकडे मागे सरकले आणि जाताना रस्ताभर सुरुंग पेरत गेले. त्यांना गाठायचं तर घाई पाहिजे आणि सुरुंग काढायचे तर सावकाशी पाहिजे. हे काम आलं सॅपरांकडे, म्हणजे फौजेच्या इंजिनीअर सैनिकांकडे, रॉयल बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स, म्हणजे आपल्या खडकीची माणसं, आज जिथे बॉम्बे इंजिनीअर ग्रुप आहे तिथली. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत, वय २२. हा पोरगा सगळ्यात पुढच्या कॅरियरमध्ये बसला आणि अख्खा ताफा त्याच्या मागे. चार दिवस, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत, ५५ मैल. म्हणजे पुण्यातून निघून वाईला पोचावं एवढं अंतर, पण प्रत्येक वावावर खाली काय पुरलंय ते बघत. सुरुंगांची १५ क्षेत्रं त्याने शोधली आणि साफ करून घेतली. दोनदा त्याची स्वतःची गाडी सुरुंगावर उडाली. तिसऱ्या वेळी दबा धरून बसलेल्या शत्रूने जवळून गोळीबार केला. कानाचा एक पडदा फाटला. वरिष्ठांनी सांगितलं आता दुसऱ्याला पाठवतो, तर तो म्हणाला नको, हे काम आता मला जास्त चांगलं जमतंय, मीच पुरं करतो. ९६ तास. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा तो पहिला भारतीय अधिकारी, पुढे लेफ्टनंट जनरल झाला. ज्या पुणेकरांची रोज खडकीवरून लोकल जाते त्यांनी हे नाव पाठ केलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पण भगतसाहेबांच्या त्या प्रशस्तिपत्रात एक वाक्य आहे, ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिथेच थांबलो. गाडी दोनदा उडाली आणि इतरांना इजा होऊन ते मेले किंवा जखमी झाले, अशा अर्थाचे तीन-चार शब्द. इतर. त्यात नाव नाही. मी गाडीवाला माणूस आहे, मला लगेच ती सीट दिसली. कारण साहेब पुढे बघत होता हे खरं, त्याचं धैर्य तर डोंगराएवढं, पण गाडी आपोआप चालत नाही. कुणाचे तरी हात स्टिअरिंगवर होते, कुणाचा तरी पाय क्लचवर होता, आणि सुरुंग फुटतो तो ट्रॅकखाली, म्हणजे सरळ त्या माणसाच्या पायाखाली. त्याच्या घरी पत्र गेलं असेल, आणि पोस्टमनने ते वाचून दाखवलं असेल, कारण त्या काळी घरात वाचता येणारं कुणी असेलच असं नव्हतं. त्याची गल्लीत कमान नाही, पुतळा नाही. युद्धाच्या पुस्तकात गाडीचं वजन सापडतं, पत्र्याची जाडी सापडते, किती हजार बनल्या ते सापडतं. त्या सीटवरच्या माणसाचं नाव पण त्याच पानावर छापलं पाहिजे. तुमच्या घरात कुणा आजोबा-पणजोबांचं जुनं डिस्चार्ज बुक असेल, कुठल्या पेटीत तळाला, आणि त्यात ड्रायव्हर, कॅरियर असं काही लिहिलेलं असेल, तर ते रद्दीत घालू नका हो. त्याचा फोटो काढा, नाव नीट लिहून ठेवा, पोरांना दाखवा.

त्या गेटजवळच्या गाडीचं काम संपलं तेव्हा रंगवणाऱ्या पोराने विचारलं, साहेब, आतून पण मारायचा का रंग? बाहेरून कुणाला दिसत नाही आत. मी म्हटलं मार. उजव्या सीटपासून सुरुवात कर.

त्या रस्त्यावर भगतांची गाडी दोनदा उडाली म्हणजे दोनदा दुसरी गाडी पुढे आणली गेली. आणि दोन्ही वेळेला, समोर काय झालंय ते डोळ्यांनी बघून, कुणीतरी काठावरून पाय टाकून आत उतरला, त्या उजव्या सीटवर बसला, सेल्फ मारला आणि पहिला गिअर टाकला.